जोडनाम आणि एकट्याची कारकीर्द : संगीतकार राम-लक्ष्मण यांचा पुनर्विचार

हिंदी व मराठी चित्रपटसंगीतात जोडीने संगीत देण्याची परंपरा जुनी आहे. हुस्नलाल-भगतराम, शंकर-जयकिशन, कल्याणजी-आनंदजी, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशी नावे सहज आठवतात. अशा जोडीचा विचार करताना समीक्षेसमोर एक ठरावीक प्रश्न उभा राहतो : चाल कोणाची आणि वाद्यमेळ कोणाचा? राम-लक्ष्मण या जोडीच्या बाबतीत मात्र हा प्रश्न विचारताच येत नाही. कारण या नावाने झालेले बहुतांश काम एकाच व्यक्तीचे, नागपूरच्या विजय पाटील (१९४२–२०२१) यांचे आहे. नाव दोघांचे आणि काम एकाचे, या विसंगतीमुळे पाटील यांच्या कर्तृत्वाची स्वतंत्र चिकित्सा राहून गेली, असे म्हणावे लागते.

जोडीचा इतिहास थोडक्यात असा. पाटील मूळचे वाद्यवृंदातील वादक. अकॉर्डियन व पियानो ही त्यांची वाद्ये. दादा कोंडके यांनी त्यांना व त्यांचे सहकारी सुरेंद्र यांना ‘पांडू हवालदार’ (१९७५) या चित्रपटासाठी संधी दिली. सुरेंद्र ‘राम’ झाले, विजय ‘लक्ष्मण’ झाले. पुढे राजश्री प्रॉडक्शन्सने ‘एजंट विनोद’साठी या जोडीची निवड केली, परंतु १९७६ मध्ये सुरेंद्र यांचे निधन झाले. चित्रपट १९७७ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा राम हयात नव्हता, नाव मात्र कायम होते. ते पाटील यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. पुढील काळात ते ‘रामलक्ष्मण’ असे एका शब्दातही लिहिले जाऊ लागले.

येथे शंकर-जयकिशन यांचे उदाहरण उद्बोधक ठरते. १९७१ मध्ये जयकिशन गेल्यानंतरही शंकर यांनी जोडनाम चालू ठेवले. तथापि रसिकांनी व अभ्यासकांनी आधीचे आणि नंतरचे काम कायम वेगळे मोजले आणि नंतरच्या कामाला बहुधा कमीच लेखले. राम-लक्ष्मण यांच्याबाबत अशी तुलना झाली नाही. जोडीचा प्रत्यक्ष काळ अल्प आणि तोही मराठी चित्रपटापुरता होता. हिंदी श्रोत्याला जो ‘राम-लक्ष्मण’ भेटला तो आरंभापासून एकटाच होता. किंबहुना, दोघांपैकी एक नाही याची जाणीवही पुष्कळांना नव्हती. इंग्लंडमधील ‘पेट शॉप बॉईज’ या इलेक्ट्रॉनिक पॉप संगीतातील जोडीचा प्रवास याच्या नेमका उलट आहे. १९८१ मध्ये लंडनमध्ये भेटलेले नील टेनंट व ख्रिस लो हे चार दशकांहून अधिक काळ एकत्र आहेत. एक गातो, दुसरा कीबोर्डमागे जवळजवळ निश्चल उभा असतो. तेथे विभागणी रंगमंचावर डोळ्यांना दिसते. येथे ती एकाच माणसाच्या आत शोधावी लागते.

ती सापडते, ती वाद्यांच्या निवडीत. अकॉर्डियनला भाता असतो. स्वर हवेवर चालतो, फुगतो, ओसरतो. सिंथेसायझरला श्वास नसतो. कल्याणजींनी ‘नागिन’ (१९५४) साठी क्लॅव्हियोलाइनवर पुंगीचा आभास निर्माण केला, तेव्हापासून हिंदी चित्रपटाला विजेवरील वाद्यांचे आकर्षण होतेच. १९८० च्या दशकात ती वाद्ये वाद्यमेळाच्या केंद्रस्थानी आली. पाटील यांच्या रचनांमध्ये हे दोन्ही स्वभाव शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यांतील ताण ‘मैंने प्यार किया’ (१९८९) मध्ये सर्वाधिक स्पष्ट होतो.

या चित्रपटाने त्यांना फिल्मफेअर पुरस्कार व अफाट लोकप्रियता मिळवून दिली. तथापि त्याच्या संगीतातील उसनवारी नजरेआड करता येत नाही. एका गीताची चाल स्टीव्ही वंडर यांच्या १९८४ मधील सुप्रसिद्ध गीतावर बेतलेली आहे, तर दुसऱ्या एका गीताच्या आरंभी ‘युरोप’ या स्वीडिश गटाच्या ‘द फायनल काउंटडाउन’ (१९८६) मधील कीबोर्डची धून जवळजवळ जशीच्या तशी येते. निर्मात्यांची फर्माईश, त्या काळचा प्रघात अशी कारणे देता येतील. त्याने दोष नाहीसा होत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, उसने सूर प्रामुख्याने यंत्राच्या वाट्याला आले आहेत. या दुसऱ्या गीतात प्रास्ताविक संगीत संपून गायनाला सुरुवात होते आणि चाल लगेच आपल्या मातीवर उतरते : छोट्या स्वरावधीची, पुनरावृत्तीवर आधारलेली, पहिल्या ऐकण्यातच गुणगुणता येणारी. वाद्यवृंदाच्या कलावंताला समोरच्या प्रेक्षकाला पहिल्या ओळीतच धरून ठेवावे लागते. तो संस्कार येथे उपयोगी पडला आहे. कोंडके यांच्या चित्रपटांतील ठसकेबाज चालींचीही हीच शिकवण होती. यंत्राला नसलेला श्वास एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि वयाची साठी गाठलेल्या लता मंगेशकर यांच्या स्वरांनी पुरवला.

‘हम आपके हैं कौन’ (१९९४) मध्ये पाटील एक पाऊल पुढे जातात. चौदा गीते आणि त्यांतील बहुतेक लग्नघरातील विधी, थट्टा, पाठवणी यांच्याशी बांधलेली. परिणामी ढोलक व समूहस्वर पुढे येतात आणि कीबोर्ड पार्श्वभूमीला सरकतो. गीतांची संख्या अधिक असल्याने काही चाली एकमेकींसारख्या वाटतात, हा आक्षेप रास्त आहे. परंतु परकी धून शोभेसाठी लावण्याची गरज येथे उरलेली नाही. रचनाकार म्हणून त्यांचे सर्वांत स्वायत्त काम हेच होय, ‘मैंने प्यार किया’ नव्हे. ‘हम साथ साथ हैं’ (१९९९) मध्ये तोच साचा पुन्हा वापरला गेला आणि त्याचा थकवा जाणवतो. पुढे राजश्रीने अन्य संगीतकारांकडे मोर्चा वळवला.

राजश्रीच्या या यशामुळे पाटील यांचे इतर काम झाकोळले गेले. ‘हम से बढकर कौन’ (१९८१) मधील गणेशगीत आजही महाराष्ट्रातील मंडपांत वाजते. ते ऐकणाऱ्या किती जणांना संगीतकाराचे नाव सांगता येईल? ‘पत्थर के फूल’ व ‘१०० डेज’ (दोन्ही १९९१) यांचीही गत फारशी वेगळी नाही. मराठी समीक्षेने तर ‘पांडू हवालदार’ व ‘राम राम गंगाराम’ (१९७७) यांचे श्रेय दादांच्या विनोदाला देऊन विषय संपवला. विनोदी चित्रपटाचे संगीत गंभीरपणे ऐकावयाचे नसते, हा आपल्याकडील जुना समज त्यामागे असावा.

महाराष्ट्र शासनाने २०१८ चा लता मंगेशकर पुरस्कार त्यांना जाहीर केला, तेव्हा वृत्तपत्रांनी ‘विजय पाटील ऊर्फ राम-लक्ष्मण’ असे छापले. २२ मे २०२१ रोजी नागपुरात त्यांचे निधन झाले. त्या बातम्यांच्या मथळ्यांत पुन्हा ‘राम-लक्ष्मण’ हेच नाव पुढे आले आणि ‘विजय पाटील’ आतल्या मजकुरात गेले.