खिडकी कोणाच्या वाट्याला?

दोहा मेट्रोची ग्रीन लाइन अल मन्सूराहून निघते आणि कतार नॅशनल लायब्ररीच्या दारात नेऊन सोडते. कामाच्या जागेच्या सजावटीबद्दल बोलायचं तर या एकाच मार्गावरची दोन्ही ठिकाणं शेजारी ठेवून पाहावीत.

लायब्ररी रेम कूलहास यांच्या ‘ओएमए’ची. २०१८ मध्ये तिचं औपचारिक उद्घाटन झालं. इमारतीचे कोपरे वर उचललेले, आत एकच अखंड दालन, आणि जमिनीच्याच पांढऱ्या संगमरवरातून उगवल्यासारखी पुस्तकांची कपाटं. भिंतींची नालीदार काच वाळवंटी ऊन गाळून आत सोडते. कौतुक होतं ते संगमरवराचं, पण खरी करामत उजेडाच्या वाटपात आहे. बहुतेक टेबलांवरून नजर लांब जाते आणि पडद्याला चिकटलेल्या डोळ्यांना विसावा मिळतो. उणीव आवाजाची. एवढ्या मोठ्या दालनात शांतता कशी राखणार? म्हणून अभ्यासाला बंद खोल्या द्याव्या लागल्या. ‘ओपन ऑफिस’वाल्यांनी मोकळं दालन उचललं, बंद खोल्या मात्र सोयीस्करपणे विसरले.

आता अल मन्सूरासारख्या वस्तीतलं नेहमीचं छोटं ऑफिस आठवा. खिडकीला लागून साहेबांची केबिन, तिचे पडदे कायम ओढलेले. बाकीची मंडळी मधल्या अंधाऱ्या पट्ट्यात, पांढऱ्या दिव्यांखाली. भिंतीवर ‘क्रिएटिव्हिटी’चं पोस्टर, कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड. बाहेर पंचेचाळीस अंश आणि आत शाल पांघरून बसलेल्या बायका. हा त्यांचा नाजूकपणा नव्हे. ऑफिसच्या तापमानाचे रूढ निकष १९६० च्या दशकात एका सरासरी पुरुषाच्या शरीरावरून बेतले गेले, हे किंग्मा आणि व्हान मार्केन लिख्टेनबेल्ट यांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं.

खिडकी ही चैन नाही, याचाही पुरावा आहे. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, ते शस्त्रक्रियेनंतर विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. ऑफिस म्हणजे इस्पितळ नव्हे, हे खरं. पण आपणही तिथे दिवसाचे आठ-नऊ तास काढतोच.

यावरचे उपाय महागडे नाहीत. केबिन आतल्या बाजूला घ्या, टेबलं खिडकीकडे सरकवा, एसीचा झोत कोणाच्या मानेवर येतो ते पाहा. आपल्या जुन्या घरांत ओसरी होती: ऊन अडवणारी, उजेड न अडवणारी आणि आल्यागेल्याला बसू देणारी. मोलाची गोष्ट तीच, सगळ्यांना पोचणारी जागा.

म्हणूनच ‘वेलबीइंग’ची खरी परीक्षा सोफ्यावर होत नाही, ती पँट्रीत होते. चहा करणाऱ्या माणसाला तिथे बसायला खुर्ची आहे का? २०२१ पासून कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावरच्या कामाला बंदी आहे. उन्हातल्या मजुराच्या शरीराची दखल कायद्याने घेतली. सावलीतल्या माणसाची दखल घेणं आराखडा काढणाऱ्याच्या हातात आहे, आणि आपल्यापैकी अनेक जण आज तेच आराखडे मंजूर करणाऱ्या खुर्च्यांवर बसलेले आहेत.