बंगालच्या भूजलातील आर्सेनिक आणि सूक्ष्मजंतू : एका प्रयोगाचे मूल्यमापन

गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशातील कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक कसे उतरते, या प्रश्नाच्या चर्चेत फरहाना इस्लाम, जोनाथन लॉइड व त्यांचे सहकारी यांनी २००४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाचे स्थान मोठे आहे. तत्पूर्वी, उपशामुळे गाळात हवा शिरते आणि पायराइटचे ऑक्सिडीभवन होऊन आर्सेनिक सुटते, असे एक मत प्रचलित होते. १९९८ साली निक्सन प्रभृतींनी ते अमान्य करून गाळाच्या कणांवरील लोह-ऑक्साइडांचे क्षपण हे कारण पुढे मांडले. या क्रियेत गाळातीलच सूक्ष्मजंतूंचा हात असतो, याचा प्रत्यक्ष पुरावा प्रस्तुत निबंधाने दिला.

प्राणवायुरहित गाळात ॲसिटेट घातल्यावर प्रथम फेरिक लोहाचे क्षपण झाले व त्यानंतर आर्सेनाइट पाण्यात उतरले. लोह विरघळताक्षणीच आर्सेनिक मोकळे होते, ही सुलभ कल्पना या अनुक्रमामुळे अपुरी ठरते. निबंधाचे खरे यश येथे आहे.

तथापि एक मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. ॲसिटेट हे सूक्ष्मजंतूंना बाहेरून पुरविलेले खाद्य होते. नैसर्गिक कार्बनी पदार्थांचा तो प्रतिनिधी आहे, हे लेखकांनी स्पष्टपणे सांगितले आहे. परंतु त्यांचा दाखला देणारे पुष्कळदा ते विसरतात. प्रयोगाने सिद्ध होते ते सूक्ष्मजंतूंचे सामर्थ्य. प्रत्यक्ष भूगर्भात त्यांना खाद्य कोठून मिळते, हे त्याने सिद्ध होत नाही. मॅकआर्थर प्रभृती गाळात पुरलेल्या पीटकडे बोट दाखवितात. उलट हार्वे प्रभृतींनी २००२ साली मुन्शीगंजमधील निरीक्षणांवरून असे प्रतिपादिले की, सिंचनाच्या उपशामुळे नवा कार्बन खाली ओढला जातो.

हा भेद केवळ शास्त्रीय नव्हे. खाद्य पीटमधून येत असेल, तर धोक्याची स्थळे भूरचनेवरून बऱ्याच अंशी ठरविता येतील. ते उपशाबरोबर खाली येत असेल, तर आज १ लिटरमागे १० मायक्रोग्रॅम या जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेत असलेली विहीर उद्या तशीच राहील, असे गृहीत धरता येणार नाही. तिची तपासणी पुनःपुन्हा करावी लागेल. म्हणून ‘सूक्ष्मजंतूंमुळे पाणी विषारी झाले’ एवढ्या निष्कर्षावर थांबणे म्हणजे प्रश्न अर्ध्यावर सोडणे होय. त्यांच्या खाद्याचा उगम शोधणे, हेच पुढील संशोधनाचे खरे कार्य आहे.