चिट्टीची लाज आणि आपली नजर

शंकर यांनी दिग्दर्शित केलेला ‘एन्दिरन’ हा तमिळ चित्रपट १ ऑक्टोबर २०१० रोजी प्रदर्शित झाला. त्याची हिंदी आवृत्ती ‘रोबोट’ या नावाने आली, ती आम्ही पुण्यात कॅम्पातल्या एका चित्रपटगृहात पाहिली. आदल्याच दिवशी, ३० सप्टेंबरला, अयोध्या खटल्याचा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल लागला होता. त्या दिवसांत मनावर एक दडपण होते, आणि तीन तास निखळ हसायला मिळणार म्हणून आम्ही घराबाहेर पडलो होतो.

पुणेकराला या चित्रपटाविषयी थोडा आपलेपणा वाटावा अशी कारणेही आहेत. रजनीकांत म्हणजे बंगळूरच्या मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड. घराण्याचे मूळ गाव पुरंदर तालुक्यातले मावडी कडेपठार, असे सांगतात. ध्वनीची बाजू रसूल पुकुट्टी यांची. ते आपल्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी, आणि २००९ साली ऑस्कर घेऊन आलेले. संगीत ए. आर. रहमान यांचे. मध्यंतरात चहा पिताना ही सगळी नावे आम्ही मोठ्या अभिमानाने घेतली. असो.

वशीकरण हा शास्त्रज्ञ स्वतःच्याच चेहऱ्याचा यंत्रमानव तयार करतो, त्याचे नाव चिट्टी. दोन्ही भूमिका रजनीकांतच्याच. पूर्वार्धातला विनोद एकाच गोष्टीवर उभा आहे. चिट्टीला शब्द कळतात, शब्दामागचा माणूस कळत नाही. टीव्ही ‘लाव’ आणि ‘टाक’ यांना तमिळमध्ये एकच शब्द चालतो, म्हणून तो टीव्ही खरोखरच खाली टाकतो. लाच मागणाऱ्या वाहतूक पोलिसाची सांकेतिक भाषाही तो शब्दशः घेतो आणि त्याला रक्तबंबाळ करतो. सनाला चावलेल्या डासाला पकडून माफी मागायला लावतो. (नायिकेचे नाव सना. आम्ही उगीच कान टवकारले, पण कथेत त्या नावाला काही अर्थ नाही.) प्रेक्षागृह हसत होते आणि आम्हीही हसत होतो.

मग आगीचा प्रसंग येतो. लष्करासाठी चिट्टी निकामी आहे, असे डॉ. बोरा यांच्या समितीने ठरवलेले असते. तो उपयोगी आहे हे दाखवण्यासाठी वशीकरण त्याला जळत्या इमारतीत पाठवतो. चिट्टी माणसे वाचवून आणतो. त्यांतली एक मुलगी आंघोळ करत असते. तो तिला तशीच उचलतो आणि सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यांसमोर आणून उभी करतो. ती लाजेने पळत सुटते आणि ट्रकखाली सापडून मरते.

चित्रपटगृहात एकदम शांतता पसरली. पण चित्रपटाचा निवाडा काय? यंत्राला भावना नाहीत, म्हणून मुलगी मेली. बोरा तेच म्हणतात, वशीकरणही तेच मान्य करतो आणि चिट्टीला भावना शिकवण्याच्या कामाला लागतो. कॅमेरा कोणाच्या हातात होता आणि तो खाली का आला नाही, हा प्रश्न पटकथेत कोणी विचारत नाही. त्या गर्दीत तिच्याकडे वाईट नजरेने न पाहणारा एकच होता, आणि दोषी ठरला तोच.

आमची या चित्रपटाविषयीची तक्रार ही एवढीच आहे, पण ती आम्हाला मोठी वाटते. हया हा ईमानचा भाग आहे, हे आपल्याकडे पोरासोरांनाही पाठ असते. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी मोमिन पुरुषांना आहे, स्त्रियांविषयीचा त्यानंतरच्या आयतीत. हा क्रम मात्र आपल्या मोहल्ल्यात उलटा लावला जातो. मुलीच्या ओढणीवर घरातले चार जण बोलतात, मुलाच्या मोबाइलवर काय चालले आहे हे कोणी पाहत नाही. काही वर्षांनी हाच चित्रपट घरी टीव्हीवर लागला होता. तो प्रसंग येताच मोठ्यांची रिमोटसाठी शोधाशोध सुरू झाली. घरातली एक लहान मुलगी म्हणाली, “ती कशाला पळाली? तिने काय केलं होतं?” कोणी उत्तर दिले नाही. आम्हीही नाही.

मसाला चित्रपटावर एवढे ओझे कशाला, असे कोणी म्हणेल. पण प्रश्न चित्रपटानेच काढला आहे. १९८६ साली जॉन बॅडम यांचा ‘शॉर्ट सर्किट’ हा अमेरिकन विनोदी चित्रपट आला होता. त्यातही लष्करासाठी बनवलेला यंत्रमानव आहे, आणि तोही विजेच्या धक्क्याने जागा होतो. खेळता खेळता त्याच्याकडून एक नाकतोडा चिरडला जातो. तो पुन्हा जोडता येत नाही हे कळल्यावर त्याला मरण म्हणजे काय ते उमगते आणि स्वतः सुटे केले जाण्याची भीती वाटू लागते. तिथे एका नाकतोड्यात जे भागते, त्यासाठी आपल्या चित्रपटाला एक मुलगी लागते. (मात्र त्या चित्रपटाचेही फार कौतुक नको. त्यातल्या भारतीय शास्त्रज्ञाचे काम एका गोऱ्या नटाला चेहरा काळवंडून, मोडके इंग्रजी बोलायला लावून दिले आहे. यंत्राला माणूस मानायची तयारी असलेल्यांना आपल्यासारख्यांची मात्र नक्कल पुरते, हा अनुभव मराठी रंगभूमीवरचा ‘हम जाताय, तुम खाताय’वाला खानसाहेब पाहिलेल्या आपल्या वाचकांना नवा नाही.)

आता चिट्टीला भावना येतात तेव्हा काय होते ते पाहा. सनाच्या वैद्यकीय पुस्तकांतून शिकून तो तिच्या बहिणीचे अडलेले बाळंतपण पार पाडतो. हा चित्रपटातला सर्वांत चांगला प्रसंग, कारण इथे बाईचे शरीर तमाशा नाही, जीव वाचवण्याचे काम आहे. पण आनंदाच्या भरात सना त्याचे चुंबन घेते आणि तो तिच्या प्रेमात पडतो. लष्करी चाचणीत प्रेमाच्या कविता म्हणतो. वशीकरण चिडून त्याचे तुकडे करतो, बोरा ते जुळवून त्याला लाल चिप बसवतात आणि चिट्टी सनाला लग्नातून उचलून नेतो. ज्याला नजरच नव्हती त्याला आपण माणूसपण शिकवले, आणि त्याने आपल्याकडून पहिल्यांदा उचलला तो पुरुषी हक्क. हे विदारक आहे. दिग्दर्शकाला मात्र ते दिसलेले नाही. त्याने सगळा दोष लाल चिपवर ढकलला आणि शेवटची हाणामारी सुरू केली. ती लांबते. मेंढीसारखे ‘में’ करून खिजवणारा दुष्ट चिट्टी हा रजनीकांतचा या चित्रपटातला सर्वांत रंगलेला अवतार, हे मात्र मोकळेपणाने म्हटले पाहिजे. साठीच्या उंबरठ्यावरच्या नटाचे हे काम आहे.

शेवटी खटला चालतो. चिट्टीच स्वतःच्या स्मृतीतले चित्रण दाखवून बोरांचा गुन्हा सिद्ध करतो. वशीकरण सुटतो आणि चिट्टीला सुटे करण्याचा हुकूम होतो. तो स्वतःच्याच हाताने एकेक अवयव काढून ठेवतो, सगळ्यांची क्षमा मागतो. मग २०३० सालचे संग्रहालय. सहलीला आलेली एक शाळकरी मुलगी विचारते, याला का मोडले? काचेआडचा चिट्टी सांगतो की मी विचार करू लागलो होतो.

संवादलेखक सुजाता यांचे २००८ सालीच निधन झाले, हा चित्रपट त्यांना पाहता आला नाही. प्रश्न विचारायला त्या जागी मुलगीच असावी हे कोणी ठरवले, आम्हाला माहीत नाही. ती विचारते ते यंत्राविषयी. २०१८ साली ‘२.०’ आला, त्यात संकट कोसळल्यावर चिट्टीला पुन्हा जोडून उभे केले गेले.