नाव झाकले तर जाहिरात कुणाची?

गुढीपाडव्याच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर येणारे व्यावसायिकांचे संदेश एकाखाली एक ठेवून वाचून पाहावेत. सराफ, बिल्डर, मिठाईवाले, क्लासवाले, दुचाकींचे विक्रेते. शुद्धलेखन पूर्वीपेक्षा बरे आहे, वाक्ये नीट पुरी झालेली आहेत, शेवटी दोन-तीन इमोजी आहेत. पण ‘नववर्षाची नवी सुरुवात, विश्वासाची साथ’ ही ओळ सराफालाही चालते आणि बिल्डरलाही. नाव अंगठ्याने झाकले की मजकूर कुणाचा ते कळत नाही. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर मराठी जाहिरातीच्या मजकुराचे काय झाले, ते या एका कसोटीवर पुरेसे दिसते.

याचे खापर बहुतेक जण यंत्रावर फोडतात. मला दोष मागणाऱ्याच्या बाजूला दिसतो. यंत्राला दिलेल्या सूचनेला आपण प्रॉम्प्ट म्हणतो. जाहिरात संस्थांमध्ये हेच काम ब्रीफ करत असे, आणि मराठी जाहिरातीचे ब्रीफ यंत्र येण्याच्या कितीतरी आधीपासून उपाशी होते.

भाषेचे मॉडेल पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे, या हिशेबाने लिहिते. हाताशी तपशील नसेल तर ते त्या प्रकारच्या मजकुरात जे सर्वांत सरावाचे असते, तिकडे वळते. ‘हापूस आंब्यासाठी आकर्षक जाहिरात लिहा’ एवढेच सांगितले, तर ‘कोकणच्या मातीतला अस्सल स्वाद, आता तुमच्या दारी’ याच्या पुढे त्याने कशाच्या बळावर जावे? बाग कुठली, फळ कधी उतरवले, पेटी कुणाकडे चालली आहे, यातले काहीच त्याला सांगितलेले नाही.

मराठीत तर हे सरावाचे रूपच कमअस्सल आहे. टीव्हीवरच्या देशभर चालणाऱ्या जाहिरातींची कल्पना इंग्रजीत किंवा हिंदीत ठरायची आणि मराठी आवृत्ती अगदी शेवटी, ओठांच्या हालचालींवर शब्द बसवत तयार व्हायची. ‘त्वचेला बनवते मुलायम’, ‘आता मिळवा दुप्पट चमक’ अशी क्रियापद आधी आणि कर्म किंवा पूरक शब्द मागून येणारी वाक्ये आपण वर्षानुवर्षे ऐकली आणि तीच जाहिरातीची मराठी आहे असे मानू लागलो. आज यंत्र तीच भाषा परत देते तेव्हा ती परकी वाटत नाही, हे जास्त काळजीचे आहे. त्यात भर म्हणून अनेक कचेऱ्यांत प्रॉम्प्ट इंग्रजीत लिहिला जातो आणि शेवटी ‘आता याचे मराठीत भाषांतर कर’ अशी ओळ जोडली जाते. म्हणजे डबिंगची जुनी रीत नव्या साधनावर तशीच चालू राहिली.

या सवयीला एकेकाळी व्यवहारी कारण होते. ही मॉडेले मजकुराचे लहान तुकडे करून वाचतात आणि देवनागरीचे तुकडे फार पडत. त्यामुळे मराठीत काम महाग आणि संथ होई. मे २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ आणले तेव्हा दिलेल्या उदाहरणात एका मराठी वाक्याचे आधी ९६ तुकडे पडत होते, ते ३३ वर आले. आज थेट मराठीत सूचना लिहिण्याला तांत्रिक अडचण उरलेली नाही. उरली आहे ती सवय.

दुसरीकडे ‘जादूच्या प्रॉम्प्ट’चा बाजार तेजीत आहे. शंभर प्रॉम्प्टची पीडीएफ, पाचशे प्रॉम्प्टचा संच, एका दिवसाची कार्यशाळा. त्यातला मोठा भाग ‘तू वीस वर्षांचा अनुभव असलेला कॉपीरायटर आहेस’ या धर्तीचा असतो. अशी भूमिका दिल्याने सूर थोडा बदलतो, पण मालाविषयीची माहिती रतीभरही वाढत नाही. लक्ष, रस, इच्छा, कृती ही चार पायऱ्यांची चौकटही या संचांत हमखास सापडते. तिचे श्रेय एलमो ल्युइस या अमेरिकी जाहिरातदाराकडे जाते आणि ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची आहे. चौकट वाईट नाही, पण रिकाम्या चौकटीत यंत्र पुन्हा सरावाचेच भरते. या सगळ्या उपदेशांत मला एकच गोष्ट खरोखर उपयोगाची वाटते, ती म्हणजे नमुने देणे. जीपीटी-३ विषयीच्या २०२० सालच्या शोधनिबंधाचा मुख्य मुद्दाच हा होता की, दोन-चार उदाहरणे समोर ठेवली तर मॉडेल त्यांचा धागा पकडते. मराठीसाठी याचे मोल दुप्पट आहे. ‘साधी, बोलीला जवळची मराठी लिही’ असे दहा वेळा बजावण्यापेक्षा त्या दुकानाच्या मालकाने स्वतः गिऱ्हाइकाला पाठवलेले तीन जुने संदेश द्यावेत. त्यांतली वाक्यांची लांबी, त्यांतला आदर, त्यांतला रोखठोकपणा, सारे उतरते.

पण नमुना झाला तरी तो बाजाचाच. माल कुठून आणायचा? याचे उत्तर जाहिरातकलेला शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होते. अमेरिकी जाहिरात लेखक क्लॉड हॉपकिन्स यांना श्लिट्झ या बिअरचे काम मिळाले तेव्हा ते कारखान्यात गेले. काचेच्या खोल्यांत गाळलेल्या हवेत थंड होणारी बिअर, पुन्हा पुन्हा धुतल्या जाणाऱ्या बाटल्या आणि पाण्यासाठी खणलेल्या खोल विहिरी त्यांनी पाहिल्या. मालकांचे म्हणणे होते की, असे तर सगळेच करतात. हॉपकिन्सनी तेच लिहिले, कारण तोवर कुणी ते सांगितलेच नव्हते. आपल्याकडची सर्फची ललिताजी आठवावी. निरमाच्या स्वस्ताईपुढे महाग पावडर विकायची होती. जाहिरातकार अलेक पदमसी यांनी ते पात्र आपल्या आईवरून घेतल्याचे सांगितले होते. घासाघीस करणारी, पण स्वस्त आणि चांगले यांतला फरक ओळखणारी बाई. दोन्ही जाहिरातींचे बीज लिहिण्याआधीच्या पाहण्यात होते. ते पाहणे आजही कोणतेही यंत्र आपल्या वतीने करत नाही.

आता हापूसकडे परत जाऊ. मराठी व्यापारात इतका तपशील असलेला आणि इतक्या पोकळ शब्दांत विकला जाणारा दुसरा माल मला दिसत नाही. समजा, देवगडचा एक बागायतदार पुण्यातल्या घरांना थेट पेट्या पाठवतो. त्याच्याशी तासभर बोलले तर काय हाती लागेल? फळ झेल्याने, देठासकट उतरवले जाते, कारण देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतात. पेटी चार डझनांची की सहा डझनांची, यावरून फळाचा आकार कळतो. पेटीत भाताचा पेंढा असतो. आंबा पोहोचतो तेव्हा तयार नसतो, घरी अढी घालावी लागते. साका, म्हणजे गरातला दोष, बाहेरून ओळखता येत नाही, कापल्यावरच कळतो. फोनवर सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न चवीचा नसतो, ‘अक्षय्य तृतीयेपर्यंत तयार होईल का?’ हा असतो. आणि गिऱ्हाइकाच्या मनातला संशय एकच असतो: हा खरंच देवगडचा आहे, की कर्नाटकचा? हापूसला २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच संशयापोटी.

या बोलण्यातून प्रॉम्प्ट असा होईल: ‘वाचणारी व्यक्ती पुण्यातली, पन्नाशीची, गेल्या वर्षी आमच्याकडून पेटी घेतलेली. तिला हे सांगायचे आहे की, पहिली तोड सुरू झाली आहे आणि अक्षय्य तृतीयेला आंबा हवा असेल तर पेटी आठ-दहा दिवस आधी मागवावी, कारण फळ कच्चे येते. साका निघाला तर फोटो पाठवावा, आम्ही फळ बदलून देतो. भाव इतका, पेटी इतक्या डझनांची. संबोधन “तुम्ही”. अस्सल, स्वाद, स्वर्गीय, राजा, परंपरा हे शब्द नकोत. उद्गारचिन्ह नको. मी दिलेल्या माहितीपलीकडे एकही दावा नको. खाली आमचे तीन जुने संदेश आहेत, तसा सूर ठेव. पाच वेगवेगळे मसुदे दे, प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या मुद्द्याने कर.’

यातून काहीसा असा मसुदा येऊ शकतो: ‘पहिली तोड झाली. पेटी उघडाल तेव्हा आंबे हिरवे आणि कडक असतील, घाई करू नका. पेंढ्यात तसेच राहू द्या, वास सुटला की काढा. तृतीयेला आमरस करायचा असेल तर पेटी आता सांगून ठेवा.’ यात एकही विशेषण आंब्याची स्तुती करत नाही, तरी हा माणूस आंबा जाणतो हे वाचणाऱ्याला कळते. नाव झाकले तरी हा संदेश सराफाला वापरता येणार नाही.

या प्रॉम्प्टमधला सर्वांत महत्त्वाचा भाग मला नकारांचा वाटतो. काय नको हे सांगायला धाडस लागते, आणि क्लायंटला तेच नको असते. ‘परंपरा’ गेली तर त्याला चुकल्यासारखे वाटते. निषिद्ध शब्दांची यादी प्रत्येक व्यवसायाची वेगळी असेल. बिल्डरांसाठी ‘स्वप्नातील घर’ आणि ‘निसर्गाच्या कुशीत’, क्लासवाल्यांसाठी ‘उज्ज्वल भविष्य’, सराफांसाठी ‘विश्वास’. हे शब्द काढून घेतले की यंत्राला दिलेल्या तपशिलाकडे वळावेच लागते.

संबोधनाचा प्रश्न खास आपला आहे. इंग्रजी सूचनेतून आलेल्या मजकुरात पहिल्या वाक्यात ‘आपण’, दुसऱ्यात ‘तुम्ही’ आणि बटणावर ‘खरेदी कर’ असे तीन सूर सहज एकत्र येतात. मराठी वाचकाला ते लगेच टोचते. ठिकाणही सांगावे लागते: नागपूरच्या गिऱ्हाइकाला पुणेरी आटोपशीरपणा कोरडा वाटू शकतो. मात्र यंत्राकडून बोलीत लिहून घेण्याचा मोह टाळावा. मालवणी किंवा वऱ्हाडी म्हणून येणारा मजकूर अनेकदा प्रमाण मराठीला चार प्रत्यय चिकटवलेला असतो, आणि तो त्या भागातल्या माणसाला अपमानासारखा वाटतो. बोली हवी असेल तर ती बोलणाऱ्या माणसाकडून लिहून घ्यावी आणि त्याला त्याचे पैसे द्यावेत.

मापाचेही तसेच. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा, देवनागरीत तो ७० चिन्हांतच संपतो आणि काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी चिन्हे म्हणून मोजली जातात. ‘छोटा संदेश लिही’ असे म्हणून भागत नाही, आकडा सांगावा लागतो. आणि यंत्राची मोजणी चुकते, म्हणून ती पुन्हा करावी लागते.

यानंतरचा मुद्दा शैलीचा नाही, सचोटीचा आहे. तपशील नसला की यंत्र तो रचते. ‘पन्नास वर्षांची परंपरा’, ‘हजारो समाधानी ग्राहक’, ‘१०० टक्के रसायनमुक्त’ ही वाक्ये कुणी न विचारता येतात आणि घाईत तशीच छापली जातात. आंब्याचेच पाहा. फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइडला बंदी आहे, पण इथिलीन वायू ठरावीक मर्यादेत वापरता येतो. रायपनिंग चेंबरमधला आंबा ‘नैसर्गिकरीत्या पिकवलेला’ म्हणून विकणे ही फसवणूक आहे, मग ते वाक्य माणसाने लिहिलेले असो वा यंत्राने. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे जून २०२२ पासून लागू आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मधुमेह ‘बरा करणाऱ्या’ काढ्याची जाहिरात तर १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपचार कायद्यानेच निषिद्ध आहे. महारेराने ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला आहे. यातले काहीही प्रॉम्प्टमध्ये लिहिले नाही तर यंत्राला त्याची फिकीर असेलच असे नाही. ‘दिलेल्या माहितीपलीकडे दावा नको’ ही ओळ म्हणूनच प्रत्येक प्रॉम्प्टमध्ये हवी, आणि तरीही छापण्याआधी प्रत्येक दाव्यापुढे पुरावा कुठे आहे हे माणसाने तपासायला हवे.

या तंत्राने चांगले काही झालेच नाही, असे नाही. २०२१ च्या दिवाळीत कॅडबरीने शाहरुख खानचा चेहरा आणि आवाज वापरून छोट्या दुकानांना त्यांचे स्वतःचे नाव घेणारी जाहिरात बनवू दिली. तिथे कल्पना माणसाची होती, आणि हजारो आवृत्त्या काढण्याचे कंटाळवाणे काम यंत्राचे. ही वाटणी मला योग्य वाटते. एका चांगल्या मसुद्याच्या वीस आवृत्त्या, लांब मजकुराचा सारांश, गिऱ्हाइकांच्या तक्रारींतून वारंवार येणारे प्रश्न वेचणे, यात यंत्र खरोखर कामाचे आहे. याउलट १९६६ पासून चालत आलेले अमूलचे फलक पाहावेत. बातमी आली की त्यावर काय बोलायचे आणि कशावर गप्प राहायचे, हे तिथे ठरवावे लागते. असा निर्णय प्रॉम्प्टमध्ये मावत नाही.

आज मराठी मजकुराचे दर पडले आहेत, आणि नवख्या लेखकांना ‘एआयने लिहिलेले फक्त तपासून द्या’ असे काम मिळते. बागेत, कारखान्यात, काउंटरमागे उभे राहण्याचा वेळ कुणी त्यांच्या बिलात धरत नाही, आणि प्रॉम्प्टला लागणारा सारा माल तिथेच असतो. म्हणून जाहिरात संस्थांना आणि मजकूर विकत घेणाऱ्या प्रत्येक मराठी व्यावसायिकाला माझी विनंती आहे: या वर्षी तयार प्रॉम्प्टच्या संचावर पैसे घालू नका, ते लेखकाच्या प्रवासखर्चाला द्या. ब्रीफ मराठीत लिहून घ्या, आणि त्याखाली माल डोळ्यांनी पाहून आलेल्या माणसाची सही असू द्या.