के.ची चिठ्ठी आणि सेन्सेईचे वाचन

नात्सुमे सोसेकी यांची ‘कोकोरो’ ही कादंबरी १९१४ साली ‘असाही शिम्बुन’मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिची चर्चा बहुधा मेइजी युगाच्या अस्ताशी जोडून होते. सम्राटाचे निधन, जनरल नोगी यांचे आत्मार्पण आणि त्यापाठोपाठ सेन्सेईचा निर्णय ही साखळी सोयीची आहे. पण सेन्सेईच्या प्रदीर्घ पत्राचा गाभा वेगळा आहे. जिवलग मित्र के. याने आत्महत्या का केली, हा त्याचा शोध आहे, आणि शोध घेणाराच इथे संशयित आहे.

चिठ्ठी हाती येते तेव्हा सेन्सेई ती मित्राचे मन जाणण्यासाठी वाचत नाही. आपण कुठे गुंतलो आहोत का, एवढेच पाहतो. घरमालकिणीच्या मुलीवर दोघांचेही प्रेम. तिला सेन्सेईने के.च्या नकळत मागणी घातलेली. चिठ्ठीत तिचे नावही नाही. सुटल्यासारखे वाटून तो ती पुन्हा पाकिटात घालतो आणि सर्वांच्या नजरेस पडेल अशी मेजावर ठेवतो. पुरावा लपवला जात नाही, मांडला जातो! कादंबरीतली सर्वांत निर्दय जागा मला हीच वाटते.

पुढे तो आधी प्रेमभंग हे कारण धरतो, मग आदर्श आणि वास्तव यांचा संघर्ष, शेवटी आपल्यासारखेच असह्य एकटेपण. हा शेवटचा अर्थ खोल आहे खरा; पण त्यात सेन्सेईचा अपराधही हळूच विरघळतो.

त्याच्याच निवेदनात दुसरे धागे सुटलेले आहेत. चिठ्ठीच्या अखेरीस, उरल्यासुरल्या शाईने लिहिल्यासारखे, आपण आधीच मरायला हवे होते असे शब्द आहेत. म्हणजे मागणीची बातमी कळण्यापूर्वीच मनात काही ठरत आले असावे. उएनोच्या बागेत के.ने ‘काकुगो’ हा शब्द उच्चारला होता : मनाची तयारी, निर्धार. त्याच रात्री दोन खोल्यांमधले सरकते दार उघडून त्याने सेन्सेईला हाक मारली, झोपलास का म्हणून विचारले. मृत्यूच्या रात्री ते दार जवळपास तितकेच उघडे होते. सकाळी के.ने विचारले, हल्ली झोप गाढ लागते का? सेन्सेईला काहीतरी चमत्कारिक वाटले, इतकेच. वाटेत त्याने चौकशी केली ती त्या मुलीच्या प्रकरणाचीच. मग ‘काकुगो’चा अर्थ त्याने लावला, प्रेमात पुढे जाण्याचा निर्धार, आणि घाईने मागणी घातली.