मुलीच्या वतीने सही

मागच्या व्याख्यानात आपण कान्टपाशी थांबलो होतो. माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, हे त्याचं म्हणणं. त्यावर एका बाईंनी विचारलं होतं, की ज्याला अजून स्वतःचं ठरवता येत नाही अशा मुलाचं काय? वेळ संपली म्हणून मी सुटलो. आज उत्तर द्यायला हवं.

२००९ साली आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याकडे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लशीचा एक अभ्यास-प्रकल्प सुरू झाला. मुली १० ते १४ वर्षांच्या. खम्ममकडच्या बऱ्याच जणी आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. २०१० च्या एप्रिलमध्ये प्रकल्प थांबवला गेला. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात आंध्रातल्या संमतिपत्रांचा हिशेब दिला आहे : पत्रं ९,५४३, त्यांतल्या १,९४८ वर अंगठे आणि २,७६३ वर वॉर्डनच्या सह्या.

प्रकल्पातल्या सात मुली दगावल्या. त्या मृत्यूंचा लशीशी बहुधा संबंध नाही, असं चौकशी समितीने म्हटलं. म्हणून मी मृत्यूंवर काही उभारत नाही. सगळ्या मुली ठणठणीत राहिल्या असत्या तरी माझा आक्षेप तसाच राहिला असता.

आता वॉर्डनची बाजू बघा. तो म्हणेल, लस मुलींच्या भल्याचीच होती, आई-बाप लांब पाड्यावर, मीच त्यांच्या जागी. हा युक्तिवाद अगदी टाकाऊ नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत पॉल रॅम्सी आणि रिचर्ड मॅकॉर्मिक या दोन धर्मशास्त्रज्ञांचा यावरच वाद झाला. रॅम्सी म्हणाले, ज्या संशोधनात मुलाचा स्वतःचा फायदा नाही त्यात त्याला ओढूच नका. संमती देणं त्याला शक्य नाही आणि ती दुसऱ्या कुणी द्यायची वस्तू नाही. मॅकॉर्मिक जेझुइट. ते म्हणाले, धोका नगण्य असेल तर चालेल, कारण मुलाला कळत असतं तर त्याने होकार दिला असता. का दिला असता? तर तो द्यायला हवा म्हणून.

हा जो ‘द्यायला हवा’ आहे ना, तिथे माझं अडतं. तो मुलाच्या तोंडी घातलेला मोठ्यांचा शब्द आहे. आज बापाने घातला, उद्या वॉर्डन घालेल, परवा संशोधक. ज्याच्या हातात पेन त्याचा ‘हवा’. रॅम्सींचा नियमही मी पुरता मानत नाही. तो अक्षरशः पाळला तर मुलांच्या कितीतरी आजारांवर औषधच शोधता येणार नाही, आणि मोठ्यांचे डोस अंदाजाने कमी करून देत बसावं लागेल. तेही मुलांवर प्रयोग करणंच झालं, फक्त नोंद न ठेवता!

यातून निघालेली वाट म्हणजे ‘असेंट’, मुलाचा स्वतःचा होकार. आपल्या आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सात वर्षांपुढच्या मुलाचा तोंडी आणि बारापुढे लेखी होकार घ्यायला सांगितलंय, पालकांच्या संमतीशिवाय वेगळा. चांगलं आहे. पण आपल्या शाळेत ‘कुणाची हरकत आहे का?’ असं सरांनी विचारल्यावर हात वर करणारं पोर तुम्ही कधी पाहिलंत?

मी एका संस्थेच्या नैतिकता समितीवर होतो. शाळकरी मुलांच्या सर्वेक्षणाचा अहवाल आला. नकार शून्य. आम्ही ‘उत्तम सहकार्य’ असा शेरा मारला, मीही सही केली. कागद वर्गशिक्षकांनी स्वतः उभं राहून भरून घेतले होते, हे मला कितीतरी नंतर, सहज बोलताना कळलं. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला तेव्हा एवढंही विचारावंसं वाटलं नव्हतं, की नाही म्हणणाऱ्या मुलाने त्या तासाला बसायचं कुठे.

तेव्हा बाईंना माझं उत्तर असं, की होकार खरा होता का हे फॉर्मवर शोधू नका. शिक्षक वर्गाबाहेर होते का, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं का, नकार देणाऱ्याला दुसरं काही करायला दिलं होतं का, ते विचारा. बाई आज आल्या आहेत का? त्यांचा प्रश्न आधी घेऊ.