प्रवासवर्णनांतला ‘आम्ही’ आणि परगांवचें पान

मराठींत प्रवासवर्णनांचें पीक उदंड आहे. आणि ज्या मध्यमवर्गीय कुटुंबांसाठीं हीं पुस्तकें लिहिलीं जातात तींच आतां हौसेनें परगांवीं जाऊं लागल्यामुळें तें पुढेंही उदंडच येणार. नवराबायको दोघेंच चार-आठ दिवस एखाद्या मोठ्या शहरांत जाऊन राहतात, पायीं भटकतात, ठिकठिकाणचें खातात, आणि परत आल्यावर त्यांपैकीं एकजण लिहितो. हा एकजण बहुधा नवरा असतो. तो ‘मी’ असें क्वचितच लिहितो. ‘आम्ही’ असें लिहितो. आम्ही अमुक ठिकाणीं जेवलों, जेवण अप्रतिम होतें. आमची तक्रार या वाक्याबद्दल आहे. (मासिकाच्या पृष्ठांवर टीकाकार जो ‘आम्ही’ म्हणून मिरवतो तो एकटाच असतो हें वाचक जाणतात, त्यामुळें तेथें कोणाची फसवणूक होत नाहीं. प्रवासवर्णनांतल्या ‘आम्ही’मध्यें मात्र दुसरें माणूस खरोखरच असतें, आणि तें जेवतही असतें.)

या एका वाक्यांत काय काय बुडालें तें पाहावें. टेबलाशीं दोघें बसलीं होतीं. त्यांतल्या एकानें जन्मभर जेवण खाल्लें आहे. दुसरीनें तें केलें आहे. पहिल्यास पदार्थ आवडतो किंवा आवडत नाहीं, आणि तें सांगण्यासाठीं त्याच्यापाशीं विशेषणें असतात. दुसरीस पदार्थ आधीं कळतो. फोडणी कशाची, वाटण कच्चें कीं परतलेलें, आंबटपणा चिंचेचा कीं दह्याचा, हें तिची जीभ न विचारतां सांगते. एका तबलजीनें दुसऱ्याचें वादन ऐकावें तसें तिचें हें खाणें असतें. असा जाणकार शेजारीं बसलेला असतां ज्यानें लिहावयाचें त्यानें ‘अप्रतिम’ म्हणून मोकळें व्हावें, हा वाङ्मयाच्या दृष्टीनें निव्वळ अपव्यय होय.

आणि प्रश्न केवळ माहितीचा नाहीं. परगांवीं नवराबायकोनें समोरासमोर बसून जेवावें ही आपल्या समाजांत अगदीं अलीकडची गोष्ट आहे. पूर्वीं दोघें काशीस जात तेव्हां शिधा बरोबर असे, आणि धर्मशाळेच्या ओसरीवर तीन दगडांची चूल बायको मांडी. तिनें पाहिलेल्या काशींत घाटांइतकाच धूरही असे. मुंबईच्या खाणावळी एकट्या राहणाऱ्या चाकरमान्यांच्या होत्या. पुढें इराण्यांच्या हॉटेलांत पडदा लावलेल्या ‘फॅमिली रूम’ निघाल्या, तेव्हां तेथें चहा-मस्क्यापुरती बायकांची सोय झाली. घरीं तर पुरुषांच्या पंक्ति उठल्यावर, निवालेलें, उरलेलें, ही तिची रीत. अशा बाईच्या पुढ्यांत नवऱ्याच्या बरोबरीनें, कोणा तिसऱ्यानें, वाफ निघत असलेलें अन्न आणून ठेवावें, आणि सकाळीं उठल्यापासून ‘आज काय करूं?’ हा प्रश्न तिच्या डोक्यांत आलेलाच नसावा! आमच्या मतें सहलीचें खरें सुख तिच्या बाजूनें हेंच असतें. वस्तुसंग्रहालय आणि समाधि नंतर. हल्लीं कांहीं घरांत पुरुषही ओट्याशीं उभे राहतात आणि बायका कचेरींत जातात, हें आम्ही जाणतों. त्याचा परिणाम घरांत दिसूं लागला असला तरी पुस्तकांत अद्याप दिसत नाहीं. एवढी मोठी घडामोड दोन-तीन पिढ्यांत झाली, आणि आमच्या प्रवासी लेखकांनीं तिची दखल ‘जेवण अप्रतिम होतें’ एवढीच घेतली.

अपवाद शोधूं लागलें म्हणजे मागें जावें लागतें. रमाबाई रानडे यांचें १९१० सालीं प्रसिद्ध झालेलें आठवणींचें पुस्तक प्रवासवर्णन म्हणून कोणी वाचीत नाहीं; परंतु त्याच्या नांवांतला ‘आमच्या’ हा शब्द दोघांचा आहे आणि लेखणी बायकोच्या हातांत आहे. १८८६ सालीं सरकारच्या फायनॅन्स कमिटीवर माधवरावांची नेमणूक झाली आणि त्या कामानिमित्त उभयतांचा मुक्काम कलकत्त्यास पडला. तेथें न्यायमूर्ति बंगाली शिकूं लागतात, पत्नीसही शिकवितात, आणि दाढी करावयास आलेल्या न्हाव्याकडून वाचन सुधारून घेतात. पत्नी हें पाहते आणि नवऱ्याची मनमुराद थट्टा करते. परक्या शहरांत शिरण्याची याहून सुंदर वाट आम्हांस ठाऊक नाहीं. आणि ती आपणांपर्यंत आली ती दुसरें माणूस शेजारच्या खोलींतून पाहत होतें म्हणून. त्याच पुस्तकांत आंब्याच्या फोडींचा प्रसंग आहे. न्यायमूर्ति एखाद-दुसरी फोड खाऊन थांबतात, पत्नी कारण विचारते, आणि जिभेवर ताबा ठेवण्याविषयींचें त्यांचें म्हणणें आपणांस कळतें. तेथें खाणारा आणि वाढणारी यांचें एकमत नाहीं. तें नाहीं म्हणूनच प्रसंग जिवंत आहे. नवऱ्यानेंच हें लिहिलें असतें तर आंबे उत्तम होते एवढेंच राहिलें असतें, किंवा कदाचित् संयमावर एक निबंध झाला असता.

दुसऱ्या टोकास पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ (१९६०). मराठींत प्रवासवर्णन घरोघर पोंचविण्याचें श्रेय या पुस्तकास जितकें आहे तितकें दुसऱ्या कोणत्याही पुस्तकास नसावें, आणि खाण्यावर इतक्या प्रेमानें लिहिणारा लेखकही आपणांस दुसरा मिळालेला नाहीं. परंतु त्या प्रवासांत बरोबर असलेली पत्नी, आमच्या वाचनाप्रमाणें, मुख्यतः विनोदास टेकू म्हणून येते. तिची जीभ आपणांस बोलतांना ऐकूं येते, चव घेतांना नाहीं. सुनीताबाईंनीं स्वतः लिहिलेलें ‘आहे मनोहर तरी’ १९९० सालीं आलें. त्याच संसारांतला दुसरा आवाज यावयास मध्यें ३० वर्षें गेलीं. आणि आला तो प्रवासवर्णन म्हणून आला नाहीं. पुलंच्या अनुकरणानें पुढें ज्यांनीं लिहिलें त्यांनीं पत्नीची थट्टा तेवढी उचलली. त्यांची निरीक्षणशक्ति उचलण्यासारखी नव्हती. या मंडळींविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं.

रमाबाईंच्या निमित्तानें कलकत्त्याचें नांव निघालेंच आहे, तर दोन जिभांनीं शहर कसें उलगडतें याची परीक्षा तेथेंच पाहावी. (२००१ पासून शहराचें अधिकृत नांव कोलकाता आहे, मराठी जिभेवर जुनेंच बसलें आहे.) आम्हीं सहकुटुंब तेथें आठवडाभर राहून दक्षिण भागांतल्या एका साध्या भोजनगृहांत प्रथम जेवलों. आमच्या टिपणवहींत ‘आरंभीं कडवट भाजी, विचित्र’ एवढी नोंद आहे. सौ.चें मात्र जेवण थांबलें होतें. ती म्हणाली, “अहो, हे पान मांडीत नाहींत, ओळीनें वाढतात. कडू आधीं कां, तें कळलें. तोंड धुतल्यासारखें झालें.” एका वाक्यांत तिनें दोन प्रांतांच्या जेवणांतला भेद सांगितला होता. आपलें जेवण जागेंत मांडलेलें असतें: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, भात मध्यें, सर्व डोळ्यांपुढें, आणि कशानंतर काय खावें हें जेवणाऱ्याच्या हातीं. बंगाल्याचें जेवण काळांत मांडलेलें असतें. भाताबरोबर आधीं कडू शुक्तो, मग डाळ आणि तळलेलें, मग भाज्या, मग मासा, असल्यास मटण, त्यानंतर गोड चटणी व पापड, आणि शेवटीं दहीं व मिठाई. मराठी माणूस पहिल्या घासापासून चटणी शोधीत असतो. ती येते तेव्हां जेवण संपत आलेलें असतें, आणि ती साखरेची निघते.

पुढें वाढप्यास ‘दादा’ म्हणून हांक मारून तिनें मोडक्या हिंदींत चौकशी आरंभिली. शुक्तोंतलें ओव्यासारखें दिसणारें बी रांधुनी म्हणून वेगळेंच असतें. मोहरी नुसती वाटली तर कडू होते, म्हणून ती मीठ आणि हिरवी मिरची घालून वाटतात. खसखस, जी आपण अनारशांवर चिमटीनें पेरतों, ती तेथें वाटून बटाट्यास मुठीनें लावतात. शेवटच्या गोष्टीवर ती बराच वेळ गप्प होती. आमच्या समजुतीप्रमाणें ती मनांत हिशेब करीत होती.

आतां रसगुल्ल्याचें उदाहरण घ्या. नवऱ्याच्या वहींत इतिहास असतो: बागबाजारचे नवीनचंद्र दास, १८६८ साल, ओडिशाशीं झालेला वाद, २०१७ मध्यें बंगालला आणि २०१९ मध्यें ओडिशाला स्वतंत्रपणें मिळालेलें भौगोलिक मानांकन. हें सर्व खरें आहे आणि लिहावें. परंतु मराठी स्वयंपाकघरांत दूध फाटणें म्हणजे दूध नासणें; पातेल्याशीं उभी असलेली बाई कपाळास हात लावते. ज्या गोष्टीस आपण नुकसान म्हणतों तीच मुद्दाम घडवून एका प्रांतानें आपली सारी मिठाई तिच्यावर उभी केली, हा धक्का ज्यानें दूध कधीं तापविलें नाहीं त्यास बसत नाहीं. तसाच बिर्याणींतला बटाटा. १८५६ सालीं अवधचें राज्य गेल्यावर वाजिद अली शाह मटियाबुर्जला येऊन राहिले, आणि हात आंखडता झाल्यामुळें मांसाच्या जागीं बटाटा आला, अशी आख्यायिका प्रवासी हौसेनें उतरून घेतात. जिनें भाताच्या दमांत बटाटा एकदां शिजवून पाहिला आहे ती सांगेल कीं तो मांसाचा रस आणि तूप पिऊन बसतो, आणि ताटांत आधीं त्यालाच मागणी असते. गरिबीची कथा तिच्या जिभेस पटत नाहीं. आम्हांसही ती आतां पटत नाहीं.

याचा अर्थ नवऱ्याची वही जाळावी असा कोणी करूं नये. फिरण्यांत तिचा उपयोग होतो. १९०२ सालापासून विजेवर धांवणाऱ्या ट्रामचे मार्ग आतां फार थोडे उरले आहेत, आणि त्यांतला एक वारसा म्हणून ठेवून बाकीचे बंद करण्याचा मनोदय तेथील सरकारनें २०२४ मध्यें जाहीर केला. ट्राम इतकी संथ कीं खिडकींतून दोघांस दोन शहरें दिसतात. एक इमारती मोजतो, व्हिक्टोरिया मेमोरियल १९२१ मध्यें खुलें झालें हें आठवतो. दुसरीस बाजारांत केळफूल सोलणारा माणूस दिसतो, आणि कोळ्यापुढें उभी केलेली पोलादी बोंटी दिसते. ती आपली विळीच, फक्त तिच्यावर नारळाऐवजीं रुई मासा. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीनें १७४२ मध्यें या शहराभोंवतीं खंदक खणूं लागले, तो कधीं पुरा झाला नाहीं, १७९९ मध्यें त्याचा बराच भाग बुजवून वर्तुळाकार रस्ता केला, ही माहिती पहिल्याचीच. बंगाली अंगाईगीतांत बर्गी येतात, म्हणजे आपलेच घोडेस्वार, हेंही त्यानेंच सांगितलें. त्यावर दुसरी म्हणाली, “म्हणजे आपलें नांव घेऊन इथल्या बायका पोरें निजवीत होत्या.” जदुनाथ सरकारांचे ग्रंथ वाचूनही आमच्या मनांत हें वाक्य आलें नसतें. याच शहरांत सखाराम गणेश देउस्कर या मराठी घराण्यांतल्या माणसानें १९०४ सालीं ‘देशेर कथा’ लिहून बंगाल्यांस स्वदेशी शिकविली, हें त्या खंदकास उत्तर म्हणतां येईल. पण तो विषय निराळा.

हल्लीं एक नवी विपत्ति उद्भवली आहे. खाण्याचीं दहा ठिकाणें, पाहण्याचीं पंधरा, अशा याद्या फोनवर आयत्या मिळतात, आणि दोघेंही त्या यादींत डोकें घालून चालतात. पदार्थ आला कीं आधीं त्याचें छायाचित्र, मग घास. यादी ही कोणाची जीभ नव्हे. ती हजारों लोकांच्या ‘अप्रतिम’ची बेरीज आहे. यादीबरहुकूम चालणाऱ्यास डिसेंबरांत निघणारा खजुरीचा नोलेन गूळ दिवाळीच्या सुटींत कां मिळत नाहीं हें कळत नाहीं, कारण यादीस ऋतु नसतो. गूळ गाळणाऱ्यास थंडी लागते, हें गृहिणीस सांगावें लागत नाहीं.

ज्यास कलकत्त्यावर दोघांचें पुस्तक लिहावयाचें असेल त्यानें तेथल्या एखाद्या पाइस हॉटेलांत जावें. एका पैशाच्या जुन्या नाण्यावरून हें नांव पडलें. तेथें केळीच्या पानावर वाढतात आणि प्रत्येक पदार्थाची किंमत निराळी लावतात. कांहीं ठिकाणीं पानाचे आणि लिंबाच्या फोडीचेही पैसे वेगळे. वाढपी कागद न घेतां कोणीं काय घेतलें तें ध्यानांत ठेवतो आणि उठतांना गल्ल्यावरच्या माणसास मोठ्यानें सांगतो: या बाबूंचा भात, डाळ, रुई; या दिदींचा भात, शुक्तो, आलूपोस्तो, दुसऱ्यांदा शुक्तो; पानें दोन.